मेरेलच्या पासपोर्टातलं कोरं पान

मी एक पासपोर्ट बोलतोय. विमानतळावरच्या रांगेत माणसं हातात धरून उभी असतात तसला नव्हे. मी घोडीचा पासपोर्ट आहे. तिचं नाव मेरेल. खरं तर 'होतं' म्हणायला हवं, पण मला अजून ते जमत नाही. कागदाला कसलं आलंय जमणं आणि न जमणं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. आठ वर्षं मी गप्प बसलो. गप्प बसून काय मिळवलं, ते माझ्या अंगाला पडलेल्या या भोकातून आरपार दिसतंय. आज मात्र मी बोलणार आहे.

आमच्याकडे घोडं जिथं जाईल तिथं त्याच्या पासपोर्टानं सोबत जायचं, असा कायदा आहे. स्पर्धेला, दवाखान्यात, बाजारात, कुठंही. त्यामुळे मेरेलचं सगळं आयुष्य माझ्या समोर गेलं. कधी गाडीच्या खणातून, कधी कुणाच्या कोटाच्या खिशातून. दिसलं कमी, ऐकू आलं जास्त.

मेरेल जन्मली मे महिन्यात, ब्राबांट प्रांतातल्या ड्रीक फान लीसहाउट या शेतकऱ्याच्या तबेल्यात. त्यानंतर दोन महिन्यांनी नोंदणी संघाचा माणूस आला. त्यानं तिच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली आणि अंगणातल्या बाकावर बसून माझ्या पानावर तिचं चित्र भरलं. मागच्या डाव्या पायात पांढरा मोजा, म्हणजे खुराच्या वरचे पांढरे केस. कपाळावर एक भोवरा, मानेच्या दोन्ही अंगांना एकेक. भोवऱ्याच्या जागी त्यानं छोट्या फुल्या मारल्या. तोवर ती त्याच्या टोपीचा काठ चावत होती.

त्या साली जन्मलेल्या सगळ्या शिंगरांची नावं 'म'वरून ठेवायची होती. आमच्याकडे दर वर्षाचं एक अक्षर ठरलेलं असतं. ड्रीकला काहीतरी भारदस्त हवं होतं, परदेशी गिऱ्हाइकाच्या तोंडात बसेल असं. त्याची बायको ट्रूस म्हणाली, "ही जन्मली तेव्हा छपरावर मेरेल गात होता. मेरेलच ठेवायचं." मेरेल म्हणजे आमच्याकडचा काळा, पिवळ्या चोचीचा पक्षी. पहाटेपासून गातो, कुणाचं ऐकत नाही. शिंगरूही काळं होतं. ड्रीकनं मान हलवली. घरात नावं ट्रूसच ठेवायची आणि किमती ड्रीक.

मग मी छापून, शिवून, टपालानं त्यांच्या स्वयंपाकघरात आलो. ट्रूसला हातात येईल ते पहिल्या पानापासून वाचायची सवय. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा ती सोडत नाही. तिनं मला वाचायला घेतलं आणि एका पानावर थांबली.

"ड्रीक, हे बघितलंस? इथं विचारलंय, हे जनावर माणसाच्या खाण्यासाठी नाही असं लिहून देता का. खाली मालकानं सही करायची."

"असू दे."

"असू दे म्हणजे? कर की सही. हे घे पेन."

"अगं, एकदा सही केली की ती पुसता येत नाही. मग म्हातारपणी त्या घोड्याला कुत्रं विचारत नाही. उलट घेऊन जा म्हणून आपणच पैसे मोजायचे. माझ्या बापानं कुठल्याही जनावराचं शेवटचं मोल असं सोडून दिलं नव्हतं."

"तीन महिन्यांचं पोर आहे ते! त्याचं म्हातारपण कसलं काढतोस?"

"म्हणून तर म्हणतो, घाई काय आहे? ती ज्याची होईल तो करील सही."

ट्रूसनं टोपण काढलेलं पेन तसंच त्याच्यापुढं धरून ठेवलं होतं. त्यानं ते घेतलं, मालकाच्या रकान्यात आपलं नाव-गाव आणि खाली त्या दिवशीची तारीख लिहिली, आणि मला मिटून टाकलं. ते एक पान कोरं राहिलं.

ड्रीक दुष्ट होता असं समजू नका. तसा असता तर मला इतकं लागलं नसतं. त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या असत, आणि मेरेलला तो खिसा पाठ होता. गोळी मिळेपर्यंत ती नाकानं त्याला ढकलत असे. तो ओरडे, "अगं बये, पाडशील मला!" आणि दुसरी गोळी काढे. आमच्या भागातली माणसं जनावरावर जीव टाकतात आणि त्याच वेळी त्याचा शेवटचा भावही मनात धरून असतात. या दोन गोष्टी त्यांच्या छातीत शेजारी शेजारी राहतात, भांडत नाहीत. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही.

मेरेल तीन वर्षांची झाली तेव्हा वानेस आला. सीमेपलीकडचा फ्लेमिश व्यापारी. उडीची घोडी घ्यायची, वर्ष-दोन वर्षं तयार करायची आणि परदेशी विकायची, हा त्याचा धंदा. त्यानं तिला कुंपणात मोकळं सोडून अडथळ्यांवरून उडताना पाहिलं. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा काठी आणखी वर चढवायला लावली. मेरेलनं ती अशी ओलांडली की वानेसच्या तोंडातली सिगारेट विझली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. तरी तोंडानं तो म्हणाला, "बरी आहे."

आधी स्वयंपाकघरात कॉफी झाली, ट्रूसनं भाजलेले सॉसेजचे पाव झाले. मग दोघं अंगणात समोरासमोर उभे राहिले. आमच्याकडे सौदा टाळीवर होतो. एकानं भाव सांगून दुसऱ्याच्या तळहातावर हात मारायचा, दुसऱ्यानं आपला भाव सांगून परत मारायचा. शेवटची टाळी पडली आणि हात हातात राहिला, की सौदा पक्का. त्यानंतर वकीलही काही करू शकत नाही.

"दहा हजार." फाट्.

"चौदा. घोडी बघतोयस की बकरी?" फाट्.

"बकरी असती तर एवढा वेळ उन्हात उभा राहिलो नसतो. अकरा!" फाट्.

"साडेतेरा. हिची आजी ज्यानं विकली तो अजून रडतोय." फाट्.

बारा हजारांवर गाडी अडली. तेव्हा ड्रीकनं हात खिशात घातले, पाठ फिरवली आणि तबेल्याच्या दिशेनं चालू लागला. आमच्याकडे हे करावंच लागतं. एकानं तरी एकदा पाठ फिरवून चालायचं, दुसऱ्यानं हाक मारायची. तसं झालं नाही तर दोघांनाही आपण फसलो असं वाटत राहतं. ड्रीक सहा पावलं गेला. वानेस ओरडला, "ये रे म्हाताऱ्या, साडेबारा!" ड्रीक परत आला, आणि हात हातात राहिला.

ट्रूसनं मला वानेसच्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही. "त्यात एक पान कोरं आहे. तेवढी सही करा हं."

"करतो की बाई," वानेस हसत म्हणाला. "पोहोचल्या पोहोचल्या करतो."

वानेसच्या कचेरीत एक मोठा खण होता. त्यात आम्ही चाळीसेक पासपोर्ट एकावर एक पडलेले. तिथं मला जगाची रीत कळली. ज्याच्या त्या पानावर सही-शिक्का आहे तो आमच्यात डागी. ज्याचं पान कोरं तो स्वच्छ. वानेस गिऱ्हाइकाला फोनवर सांगायचा, "कागद एकदम स्वच्छ आहेत, साहेब," आणि मी फुशारून जायचो. माझ्याखाली एका पोलिश घोड्याचा पासपोर्ट होता, सही असलेला. मी त्याला एक वर्षभर हिणवलं. आज त्याचा घोडा कुठल्याशा कुरणात म्हातारा होत असेल. मला त्याची माफी मागायची आहे, पण त्याचा पत्ता माझ्याकडे नाही.

मेरेल शिकली, स्पर्धांना गेली, फिती घेऊन आली. वानेसनं तिला कधी मारलं नाही, हेही सांगतो. पण पाचव्या वर्षी पुढच्या उजव्या पायात, खुराच्या वरच्या सांध्यात काहीतरी दुखायला लागलं. पाऊल टाकताना ती किंचित कचरायची. तेवढ्यात स्वित्झर्लंडहून एक गिऱ्हाईक आलं. रेगुला नावाची दातांची डॉक्टर. आयुष्यभर पैसे साठवून तिला पहिल्यांदा स्वतःचं चांगलं घोडं घ्यायचं होतं. तिला मेरेल पाहताक्षणी आवडली. आठ दिवसांनी घोड्यांचा डॉक्टर तपासणीला येणार होता.

घोड्यांचं दुखणं दाबायचं एक औषध असतं. ते एकदा जरी दिलं, तरी त्या जनावराचं मांस माणसाच्या पानात जाता कामा नये. म्हणून ते देणाऱ्या डॉक्टरनं माझ्या त्या पानावर तसं लिहून शिक्का मारायचा असतो. नीट लक्षात घ्या. ते औषध रीतसर दिलं असतं, तर माझं पान त्याच दिवशी भरलं असतं. मेरेल त्याच दिवशी वाचली असती.

वानेसनं डॉक्टर बोलावलाच नाही. पुडी त्याच्याकडेच होती. रोज सकाळी चाऱ्यात मिसळली. त्याचा स्वार म्हणाला, "कागदावर लिहायला नको का?" वानेसनं खण पायानं लोटून बंद केला आणि म्हणाला, "लिहिलं तर विकायची कशी? मग तूच ठेव तिला तुझ्या आईच्या अंगणात."

तपासणीच्या दिवशी डॉक्टरनं तिचा पाय मुडपून मिनिटभर धरला, सोडला आणि दुडकी चालवायला लावली. मेरेल लोण्यासारखी चालली. डॉक्टरनं मला उघडून विचारलं, "काही औषधपाणी?"

"छे. पान बघा की, कोरं आहे."

मी ओरडलो. किती ओरडलो म्हणून सांगू! पण कागदावर लिहिलं जातं, कागदाला लिहिता येत नाही. डॉक्टरनं रक्त तपासायचं का म्हणून विचारलं. रेगुलाबरोबर आलेला दलाल म्हणाला, "कशाला? घरचा माणूस आहे." त्या दलालाला वानेसकडूनही पाकीट मिळणार होतं, हे रेगुलाला सोडून अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

रेगुलाच्या गावी मेरेल तीन आठवडे चांगली होती. औषधाचा अंमल उतरला आणि ती लंगडायला लागली. रेगुला तिच्या तबेल्यात गवतावर बसून रडली. घोड्याला मिठी मारून रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ही घोडीची माफी मागत होती. एकदा तिनं मला उघडलं, ते पान काढलं, पेनही घेतलं. दलाल म्हणाला, "थांबा. परत करायची असेल तर पान कोरंच बरं. नाहीतर तो घेणार नाही." तिनं पेन खाली ठेवलं. दोन महिने पत्रापत्री झाली आणि वानेसनं मेरेल परत घेऊन तिला दुसरा घोडा दिला. मेरेल गाडीत चढताना रेगुला घरातून बाहेर आली नाही.

त्याच सुमाराला ट्रूसनं वानेसला फोन केला होता. वर्षातून एकदा ती करायचीच. "मेरेल कशी आहे हो आमची?" मी टेबलावरच पडलो होतो. वानेस म्हणाला, "स्वित्झर्लंडला आहे बाई. डोंगरातलं गवत खातेय, आपल्यापेक्षा मजेत." मेरेल तेव्हा वीस पावलांवर, एका पायाला पट्टी बांधून उभी होती.

बाजारात अशी बातमी पाय फुटल्यासारखी पसरते. परत आलेली घोडी. मग तिच्याकडे बघायला येणारे भाव विचारण्याआधी दोष विचारू लागले. शेवटी एका घोडेस्वारीच्या शाळेनं तिला घेतलं. तिथं तीन वर्षं लहान मुली तिच्या आयाळीच्या वेण्या घालायच्या आणि तिला गाजरं चारायच्या. त्या मला बरी वर्षं वाटतात. पण हिवाळा आला की सांधा सुजायचा. शाळा चालवणारी बाई मुलींना सांगायची, "मेरेल थकलीय." एका ऑक्टोबरात मुलींना सुट्टी असताना ग्राड नावाचा फिरता व्यापारी आला आणि तिला घेऊन गेला. मुलींना बहुधा सांगितलं असेल, डोंगरातलं गवत खातेय.

नोव्हेंबरात मास नदीकाठच्या गावात मोठा घोडेबाजार भरतो. पहाटेपासून रस्त्याच्या दोन्ही कडांना दोर बांधून घोडी उभी करतात. ग्राडनं मेरेलला तट्टांच्या आणि म्हाताऱ्या घोड्यांच्या रांगेत बांधलं. मी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होतो. सकाळभर कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मग ग्राडचा आवाज आला, "ए आजोबा, घोडीचं नाक खिशातून काढा तुमच्या."

"मी नाही घातलेलं. तिनं घातलंय."

तो आवाज मी ओळखला. ड्रीक! ड्रीक दर वर्षी या बाजाराला यायचा. आता त्याच्याकडे घोडं नव्हतं, तबेलाही नव्हता. पैसे घेऊन शेती बंद करायच्या सरकारी योजनेत शेती सोडल्यावर तबेला पाडला होता, आणि तो नि ट्रूस गावातल्या छोट्या घरात राहायला गेले होते. तरी बाजाराच्या दिवशी तो जुना कोट चढवून यायचा. गोळी फोडल्याचा कटकन आवाज आला.

"मागच्या डाव्या पायात मोजा," ड्रीक पुटपुटला. "कपाळावर भोवरा. अगं बये. तू तर डोंगरात होतीस ना?"

त्यानं मला मागून घेतलं. पहिल्या पानावर त्याचं स्वतःचं अक्षर होतं. मग त्याच्या बोटांनी ते पान शोधलं.

"कोरं आहे," ग्राड म्हणाला. "म्हणून तर भाव आहे. सही असती तर फुकट दिली असती तुम्हाला. आता माझ्याकडे दोनच गिऱ्हाइकं, तुम्ही आणि तो कोपऱ्यावरचा ट्रकवाला. ट्रकवाला कुठं नेतो ते तुम्हाला सांगायला नको."

"किती?"

"साडेनऊशे."

ड्रीकनं काय करायला हवं होतं? साडेनऊशे द्यायचे, पेन मागायचं, तिथंच उभ्या उभ्या सही करायची. शेजारच्या पीटच्या कुरणात तिला ठेवायची, हे त्याच्या मनात तेवढ्यात येऊनही गेलं होतं. तो स्वतःशी 'पीट नाही म्हणणार नाही' असं बोलला ते मी ऐकलं. खिशात पैसे होते. त्याला ती घोडी हवी होती. त्या दिवशी त्या बाजारात कुणाला काही इतकं हवं नसेल. पण त्याचा हात आपोआप वर आला.

"सातशे." फाट्.

"नऊशे. मी काय दुकान बंद करायला आलोय?" फाट्.

"साडेसातशे. तीन पायांची घोडी ती." फाट्.

"तीन पाय म्हणता आणि डोळे पुसता! साडेआठशे, आजोबा. तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघून." फाट्.

"आठशे." फाट्.

"साडेआठशे."

पन्नास युरोवर गाडी अडली. आणि मग मला ग्राडच्या कोटाच्या खिशात परत कोंबल्याचं कळलं, आणि त्या ओल्या रस्त्यावर दूर जाणारी पावलं ऐकू आली. ड्रीकनं पाठ फिरवली होती. नको, ड्रीक! आज नको! मागे मेरेल खिंकाळली. तिला वाटलं असेल, गोळ्या संपल्या म्हणून आणायला गेला.

ग्राडनं हाक मारली नाही. त्यालाही रीत ठाऊक होती. तो शेजारच्या माणसाला म्हणाला, "सूप प्यायला गेला. अर्ध्या तासात येतो बघ, आणि साडेआठशे देतो. असल्यांना मी ओळखतो."

तो थांबलाही असता. पण दहा मिनिटांत ट्रकवाला आला. "एक जागा उरलीय माझ्याकडे. पुलावर गर्दी व्हायच्या आत निघायचंय. आठशे पंचवीस, आत्ता."

"एक म्हातारा येणार आहे साडेआठशे घेऊन."

"मग त्याची वाट बघ, मी निघालो." आणि तोही पाठ फिरवून चालू लागला. चार पावलं. पाचव्याला ग्राडनं हाक मारली.

टाळी पडली. हात हातात राहिला.

मी ट्रकच्या पुढच्या खणात गेलो, मेरेल मागे. मधे एक पत्रा होता. वाटेत ती तीनदा खिंकाळली, मग गप्प झाली. सीमा ओलांडली तेव्हा आम्हाला कुणी अडवलं नाही; आमचे कागद स्वच्छ होते.

कत्तलखान्याच्या फाटकाशी पांढरा डगला घातलेली एक डॉक्टर बाई होती. तिनं मेरेलच्या मानेवर यंत्र फिरवलं, चिपचा आकडा माझ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. मोजा पाहिला. भोवरे पाहिले. तिच्या नाकाखालून हात फिरवला. मेरेलनं तिच्या डगल्याचा डावा खिसा हुंगला. मग बाईनं ते पान उघडलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मला वाटतं, तिलाही ते भरलेलं असायला हवं होतं. काहीतरी खूण, एखादा शिक्का, पेनाचा एक ओरखडा, काहीही. तिनं विचारलं, "कधी काही औषध?"

"पानावर असेल ते," ट्रकवाला म्हणाला.

माझी सगळी पानं आतून किंचाळत होती. दिलंय! पाचव्या वर्षी, आठ दिवस, चाऱ्यातून! तुम्ही जे कापून विकणार आहात त्यात ते उतरलंय, निदान माणसांसाठी तरी थांबा! बाईनं पान उलटलं आणि सही केली. माझ्यात एवढ्या लोकांच्या सह्या आहेत. त्या एका जागी सोडून सगळीकडे.

नंतर एका यंत्रात घालून मला भोक पाडलं. मला दुखलं नाही, खरंच सांगतो. मी तेव्हा भिंतीपलीकडून काही ऐकू येतंय का ते ऐकत होतो.

रद्द झालेला पासपोर्ट नोंदणी संघाकडे परत जातो, आणि तिथंच तो संपतो. पण मेरेल कुठं गेली ते विचारत ट्रूसनं संघाला एकामागून एक पत्रं लिहिली होती. शेवटी तिथल्या कुणीतरी कंटाळून किंवा कळवळून मला तपकिरी पाकिटात घातलं आणि तिच्या पत्त्यावर पाठवलं. जानेवारीत मी परत त्याच टेबलावर आलो. घर दुसरं होतं, टेबल तेच.

ट्रूसनं मला पहिल्या पानापासून वाचलं. सगळ्या मालकांची नावं, सगळे शिक्के, सगळ्या गावांची नावं. ड्रीक समोर बसला होता. बाजारातून आल्यापासून त्यानं हा विषय काढला नव्हता म्हणे. नुसतं 'मेरेल दिसली होती, गेली' एवढंच सांगितलं होतं. आता त्यानं टेबलक्लॉथकडे बघत सांगितलं.

"मी परत गेलो होतो, ट्रूस. हातात साडेआठशे मोजून धरले होते. जागा रिकामी होती. दोर तेवढा लोंबत होता."

"किती वेळानं गेलास?"

"सूप फार गरम होतं. निवायला वेळ लागला."

ट्रूस उठली, खिडकीशी गेली, आणि तिथं पाठ करून उभी राहिली. ड्रीक म्हणाला, "तो हाक मारील असं वाटलं गं. मारतातच."

त्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. राग धरावा असं फार वाटलं. पण ज्याच्या अक्षरानं माझं पहिलं पान भरलंय, त्याच्यावर मी किती रागावणार!

मी आता त्यांच्या कपाटात असतो, चहाच्या कपांमागे. माझी कुठंच गरज नाही. तुम्ही कुठंही राहत असाल, घोडं पाळत असाल वा नसाल, तुमच्याही घरात एखादं असं पान असेलच, जे कुणीतरी पुढचा भरील म्हणून तुम्ही मिटून ठेवलंय. हात जोडून सांगतो, पुढचा भरत नाही. त्याला मागच्यानं सांगितलेलं असतं की घाई काय आहे. उठा आणि आजच भरा.

काल दुपारी ट्रूसनं मला बाहेर काढलं, ते पान उघडून ड्रीकपुढं ठेवलं, आणि टोपण काढलेलं पेन पुढं धरलं. ड्रीकनं चष्मा लावला. भोक नेमकं सहीच्या रेघेवर पडलंय, त्यामुळे त्यानं नाव अलीकडे लिहिलं आणि आडनाव पलीकडे. सावकाश, शाळेतल्यासारखं.

"तारीख कुठली घालू?" त्यानं विचारलं.

"मी सांगितलं होतं त्या दिवशीची घाल."

त्याला ती आठवेना. त्यानं माझी पानं मागे उलटली. पहिल्या पानावर, त्याच्याच अक्षरात, त्याच्या नावाखाली ती होती. तिच्यावर बोट ठेवून त्यानं एकेक आकडा उतरवून घेतला, आणि शाई वाळेपर्यंत पान मिटलं नाही.